आशा बसणार नाही

पीरमाळ, कळंबजवळ
गुरुवार, १० एप्रिल

दिशाताई,

लिहू लिहू म्हणत दोन महिने टाळलं, हे आधीच कबूल करतो. दोनदा कागद घेतला होता. एकाची पुडी करून शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्यावर 'दिशाताई' एवढं लिहून झालं आणि उसात बिबट्या आला म्हणून सगळे पळाले, त्यात मीपण. बिबट्या नव्हता, कुणाचं तरी तपकिरी कुत्रं होतं. पण ते कारण नाही. मी कुठं आहे हे कळलं की तू चिडणार, हे कारण. तुझ्या आश्रमशाळेवर मोबाईलला रेंज नाही ते एका अर्थी बरंय. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

तर नारायणगावचा भाजीचा टेम्पो सोडला. त्याआधीचं भीमाशंकरचं प्रसादाचं दुकान तुला माहीतच आहे, तिथं माकडांनी माझी चप्पल नेली होती. असो. सध्या पीरमाळला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रचार करतोय. पगार नाही. उमेदवार आशाताई.

ही बहिरूबाबा मेंढपाळाची. बारसं मुलगा म्हणून झालं, पण ती बाई आहे आणि बाई म्हणूनच राहते. तृतीयपंथी म्हणून सरकारी ओळखपत्र आहे, मतदारयादीत 'स्त्री' आहे. बापानं मात्र अकरा वर्षांपूर्वी तोंड फिरवलं ते अजून तसंच. तिचं नाव घेत नाही म्हणतात, 'आमचं ते' म्हणतो. आजीनं दिलेलं बारा गुंठे वावर आहे, त्यात ती कोथिंबीर, मेथी करते. बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, उन्हाळ्यात परत येतो आणि तिच्या बांधाच्या कडेनं मान खाली घालून पुढं जातो. त्या वावरात पाय ठेवत नाही.

मी यात पडलो तो कोथिंबिरीच्या जुड्यांमुळं. माझ्या टेम्पोतून तिचा माल जायचा. मागच्या पावसाळ्यात तिची मैत्रीण सितारा, जुन्नरची, तिच्यासारखीच, तापानं फणफणली. टेम्पोतूनच दवाखान्यात नेली. कुठल्या ते लिहीत नाही. तिथं सिताराला बायकांच्या खोलीत ठेवायचं का पुरुषांच्या, यावर चार तास वाद. तोवर ही बाहेर बाकड्यावर. सलाईन लावलं, पण बाटली टांगायला खिळा नव्हता. मी हातात धरून उभा होतो, ताई. चार तास. हात खाली आला की सितारा म्हणायची, "ऊपर रे, झेंडावंदन समज."

त्या दिवशी आशाताई म्हणाली, "बस म्हनलं की बसायचं, हे आता बास."

तेच मी गेरूनं भिंतीवर लिहिलंय : आशा बसणार नाही. निवडणुकीतलं बसणं म्हणजे अर्ज मागं घेणं, ते तुला सांगायला नको. इथं दादाभाऊ म्हणून जुने पुढारी आहेत, दर निवडणुकीला समोरच्या कुणाला ना कुणाला बसवतातच. या वेळी त्यांची भावजय आशाताईच्या समोर आहे. सगळं गाव एकच म्हणतंय, बसेल ही पण. चोवीस तारखेला दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत. तेवढी निभली की तिचं नाव मशीनवर येणार. दवाखान्यातली खोली, बाजारातला संडास, रेशनकार्डावरचं नाव, या तीन गोष्टी ती मागतेय. फार नाही ना?

पत्र घोडेगावच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. उत्तर त्याच्याकडंच दे.

तुझा,
आदेश


आश्रमशाळा
शनिवार, १२ एप्रिल

आदेश,

पत्र पोचलं. पाकीट भातानं चिकटवलेलं होतं. तू भातानं कधीपासून चिकटवायला लागलास? वाटेत कुणी उघडून पुन्हा लावलं असेल का? कंडक्टरला किती ओळखतोस?

आता बाकीचं. पगार नाही, तर जेवतोस कुठं आणि कुणाच्या जिवावर? तिच्या अर्जावर सूचक म्हणून कोण सही करणार आहे, ते बघितलंस का? असे उमेदवार कधीकधी समोरचेच उभे करतात, मतं फोडायला. काम झालं की बसवतात. मग बॅनर खाली आणि तुझ्यासारखे रस्त्यावर. चार तास बाटली धरलीस ते चांगलंच केलंस, पण बाटली धरणारा माणूस लोकांना फुकट मिळाला की ते त्याच्या हातात पुढं काय काय देतात, हे मी शाळेत रोज बघते.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू आयटीआय सोडलंस ते पण कुणीतरी तुला तळ्यावर मासे दाखवायला नेलं म्हणून. मामी विचारते, आदेश कुठं आहे. तिला काय सांगू?

डोळे उघडे ठेव. कोण कुणाशी बोलतं ते बघ.

दिशा

ता.क. ती अजून डाव्या हातानं लिहिते का? सहज विचारलं.


पीरमाळ
बुधवार, १६ एप्रिल

दिशाताई,

भात मीच लावला. डिंक पोस्टरला संपला.

जेवतो आशाताईकडं. बाजरीची भाकरी, मेथी, आणि पुन्हा मेथी. अर्ज आज भरला. सूचक तिची शेजारीण, अंगणवाडीत मदतनीस आहे, तिच्यावर संशय घ्यायचा तर देवावर पण घ्यावा लागेल. आणि हो, आशाताई डाव्या हातानंच लिहिते. पण तुला कसं माहीत? मी तर लिहिलं नव्हतं. आता मला तुझाच संशय यायला लागला.

तुझ्या पत्रानं डोळ्यांना एक वाईट सवय लागली बघ. कोण कुणाशी बोलतं ते बघत फिरतो. आणि मला दिसलं.

काल कळंबला पत्रकं आणायला गेलो. ऊन असं, की वाटेत रसवंतीत शिरलो. (पत्रकं राहिलीच, ती आज आणली.) पलीकडच्या बाकावर दादाभाऊ, आणि समोर लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी घेतलेला म्हातारा. आशाताईच्या घरात एकच फोटो आहे, त्यावरून ओळखला. बहिरूबाबा! म्हणजे कोकणातून आलाय. रस दादाभाऊ पाजतायत. मी पाठ करून बसलो. चरकाला घुंगरं बांधलेली, त्यांच्या छनछनीत तुटक ऐकू आलं, पण जे आलं ते जसंच्या तसं लिहितो.

बहिरूबाबा म्हणाला, "आशा..." मग घुंगरं. मग, "...बसवायची. फुडल्या बुधवारी."

दादाभाऊ : "तिला इचारलंस?"

"न्हाई. आदी कळू द्यायचं न्हाई. कळलं तर नको म्हनंल."

"बरं. एकदा बसली, की मग काय बोलनार न्हाई ती. वाट मी देतो मोकळी."

"लई उपकार व्हतील, दादाभाऊ."

ताई, पुढला बुधवार म्हणजे तेवीस. माघारीच्या आदला दिवस. आणि अकरा वर्षांत बापाच्या तोंडून तिचं नाव निघालं, ते असल्या बोलण्यात. मी अर्धा ग्लास रस तसाच ठेवून निघालो. त्यात आलं पण जास्त होतं, पण ते वेगळं.

आशाताईला सांगू का? तिचा बाप गावात आलाय हे पण तिला माहीत नसावं. मी कुणालाच बोललो नाही. तूही बोलू नकोस. हे पत्र फाडून टाक.

आदेश


आश्रमशाळा
शुक्रवार, १८ एप्रिल

आदेश,

पत्र फाडलेलं नाही, कपाटात ठेवलंय. उद्या पुरावा लागला तर? मी तुला म्हटलंच होतं. फक्त मला दादाभाऊंचा संशय होता, बापाचा नव्हता.

इतक्यात तिला सांगू नकोस. बहिरूबाबा पुन्हा दादाभाऊंकडं जातो का, ते बघ. वाट मोकळी देतो म्हणजे काय, तेही शोध. माघार घेतली तर घरात घेऊ, असं काहीतरी कबूल झालेलं असणार.

डाव्या हाताचं विचारलंस. सातवीत ती माझ्या वर्गात होती. तेव्हाचं नाव लिहीत नाही, ते तिचं नव्हतंच. एका बाकावर बसायचो. ती डावरी, मी उजवी, लिहिताना कोपराला कोपर लागायचं. मुली हसायला लागल्या. एक दिवस मी दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. गुरुजींनी कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वर्षभर ती त्या बाकावर एकटी बसली. तू पहिल्या पत्रात तिचं लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं होतं. तिच्यासमोर माझं नाव काढू नकोस.

थांबते. धोंडाबाई जेवण वाढायला बोलावतेय. ती आमची स्वयंपाकीण, पीरमाळचीच आहे, उद्या दोन दिवस गावी जातेय. म्हणाली, द्या पत्र, मी पोचवते. दिलं नाही. कंडक्टरच बरा. माणसांचा काय भरवसा.

दिशा


पीरमाळ
मंगळवार, २२ एप्रिल

ताई,

सगळं खरं निघालं. मला वाटत होतं खोटं निघावं.

काल छाननी झाली. दादाभाऊंच्या माणसानं हरकत घेतली, जागा बाईची आहे, ही कुठली बाई? अधिकाऱ्यानं यादी बघितली, ओळखपत्र बघितलं, म्हणाला, यादीत स्त्री आहे, अर्ज कायम. सितारानं टाळी वाजवली, तिथला शिपाई दचकून उभाच राहिला. आम्ही पेढे घेऊन गावात आलो तर माझ्या भिंतीवर कुणीतरी चुना फासलेला. सगळ्या नाही. फक्त शेवटच्या शब्दावर. 'आशा बसणार' एवढंच राहिलंय.

दुकानात गेलो तर एक म्हातारा म्हणतो, "काय राव पेंटर, तुमची आशा बसली म्हनं? बापानंच ठरीवलं म्हनं दादाभाऊशी?" सगळ्या गावाला ठाऊक! कॉलेजची पोरं प्रचाराला यायची, ती आज आलीच नाहीत. आता तूच हिशोब लाव. रसवंतीत मी एकटा होतो. तुझ्याशिवाय कुणाला अक्षर बोललो नाही. मग गावाला कळलं कुठून? दादाभाऊंनीच पेरलं. म्हणजे ठरलंय ते नक्की.

सितारानं माझी गचांडी धरली. "तू कबसे जानता था? आणि गप बसला? तुझं नाव काय, आदेश. कुणाचा आदेश आला व्हता तुला, गप बसायचा?" मी सगळं सांगितलं. आशाताई तिथंच होती, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. मला वाटलं चिडेल. रडेल. ती जुडी बांधत राहिली. मग विचारलं, "बा सोता म्हनला? माझं नाव घेऊन?"

म्हटलं, हो. आशा म्हणाला.

तिनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "अकरा वर्सांत त्यानं माझ्याकडं काय बी मागितलं न्हाई. दारात यून पानी सुदीक न्हाई. आता पयल्यांदा मागनार असंल, तर मी न्हाई कशी म्हनू? सांग की."

सितारा ओरडली, मी ओरडलो. पत्रकं, भिंती, बाकड्यावरचे चार तास, सगळं काढलं. ती म्हणते, "तुमचं समदं खरं. पर बापाला माझ्यापुढं हात पसरायला लावू व्हय मी? त्यो बुधवारी दारात यायच्या आदीच मी निघते. त्याला तोंड उघडायची पाळी नको."

आज दुपारीच दाराला कुलूप लावून सिताराकडं जुन्नरला गेली. परवा तिथून थेट घोडेगावला तहसील कार्यालयात येणार, माघारीचा अर्ज द्यायला. अर्ज हातानंच द्यावा लागतो म्हणे. मी पण येणार आहे. कशाला, ते माहीत नाही.

मी रसवंतीत शिरलो नसतो तर बरं झालं असतं.

आदेश


आश्रमशाळा
बुधवार, २३ एप्रिल, सकाळ

आदेश,

हे पत्र हातात पडल्याबरोबर वाच. चालता चालता वाच.

गावाला दादाभाऊंनी नाही सांगितलं. मी सांगितलं.

गेल्या शुक्रवारी मला राहवलं नाही. जेवताना धोंडाबाईला एवढंच बोलले, की तुमच्या बहिरूनं दादाभाऊंशी ठरवून पोरीला बसवायचं चाललंय. शनिवारी ती गावी गेली. पुढचं तू लिहिलंसच. काल संध्याकाळच्या गाडीनं तुझं पत्र आलं आणि मी तिच्याशी भांडायला स्वयंपाकघरात गेले. ती म्हणते, "बाई, तुमीच म्हनला, म्या तर फकस्त पोचवलं." मग मी कपाटातून तुझं रसवंतीचं पत्र काढलं आणि त्यांचं बोलणं शब्दाला शब्द वाचून दाखवलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि हसायलाच लागली.

"अवं बाई, कुनाला बसवायची? मेंढरं! आशाच्या वावरात मेंढरं बसवायची!"

आद्या, कळप रात्रभर शेतात मुक्कामी ठेवायचा, लेंडीचं खत पडतं, त्याला मेंढरं बसवणं म्हणतात. हे मी तुला सांगायचं? आपले आजोबा आयुष्यभर दुसरं काय करत होते? घरातली मेंढरं गेली, आपण शिकलो, मी शिकले म्हणू, आणि तो शब्द आपल्याकडं फक्त निवडणुकीपुरता उरला. 'एकदा बसली, की मग काय बोलनार न्हाई ती.' एक बाई बसली, पन्नास मेंढरं बसली, क्रियापद तेच. आणि मी मुलांना मराठी शिकवते.

धोंडाबाई म्हणते, बहिरूबाबा पीरमाळच्या सगळ्या वावरांत मेंढरं बसवतो, अकरा वर्षं फक्त तेवढंच सोडून. आशाच्या वावराला वाट दादाभाऊंच्याच शेतातून आहे, म्हणून त्यांना विचारायला गेला. निवडणूक वेगळी आणि बांध वेगळा, असं तिचं म्हणणं. पोरगी नको म्हणेल ही भीती, म्हणून आधी कळू द्यायचं नव्हतं.

म्हणजे आज सांजेला तो मेंढरं घेऊन जाईल, आणि दाराला कुलूप असेल.

मला गाडी उद्याच आहे, आणि परीक्षेचे पेपर टाकून त्या गाडीनंही येता येणार नाही. तिला थांबव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. बाकावरून उठलेली दिशा, असं सांग.

दिशा


तहसील कार्यालय, घोडेगाव
गुरुवार, २४ एप्रिल, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं

ताई,

तुझं पत्र एक वाजता मिळालं. कंडक्टर जेवायला गेला होता आणि पिशवी त्याच्याजवळ. मी स्टँडवर उभा. समोर एक माणूस लिंबाच्या काड्यांपासून बैलगाड्या करून विकत होता, त्या बघत होतो. देवा, मी त्या बैलगाड्या बघत होतो आणि पत्र दहा पावलांवर होतं.

पळत आलो. आशाताई कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर बसलीय, शेजारी सितारा. मांडीवर माघारीचा अर्ज. सगळं भरून झालंय, सही तेवढी राहिलीय. मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तुझं कबूल केलेलं पण.

तिनं विचारलं, "कोन दिशा?"

तू लिहिलंस तसं सांगितलं.

ती हसली, पण बरं नाही हसली. "त्या दिशाचा शबुद मी कशापायी धरू? हसत्यात म्हनून उठली, आता लाज वाटती म्हनून थांब म्हनती. आन धोंडाबाई तर पान्याला दूध म्हनंल."

सितारा माझ्याकडं बोट करून म्हणते, "आणि हा पेंटर. परवा म्हणत होता बाप विकला. आज म्हणतोय बाप मेंढरं बसवतोय. उद्या म्हणेल, बाप हवाई जहाज चालवतो." पण तिच्या डोळ्यांत आशा होती, ताई. म्हणजे ती आशा नाही, दुसरी.

मी म्हटलं, मग पीरमाळला फोन लावू. कुणाला लावणार? शेजारीण अंगणवाडीत, फोन उचलत नाही. बहिरूबाबाकडं मोबाईल नाही. गावात दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो चुना फासणाराच निघायचा.

आशाताई म्हणाली, "खरं असतं, तर बा न्हाई का येनार सांगायला? घोडेगाव काय कोकन हाय?"

 मी बाकड्याच्या या टोकाला बसून प्रचाराच्या उरलेल्या पत्रकामागं हे लिहितोय. दुसरं काय करू ते सुचत नाही. ती दर मिनिटाला अर्जाची घडी घालते आणि उलगडते. सितारा पाणी आणते, कुणी पीत नाही.

दोन पस्तीस. आतून कारकून ओरडला, "माघारीवाले कोण राहिलेत, आवरा पटपट." दादाभाऊंचा माणूस खिडकीपाशी येऊन उभा राहिलाय, तो पण तिच्याकडंच बघतोय. त्याच्या चेहऱ्यावरून तरी त्याला काही माहीत आहे असं दिसत नाही. पण चेहऱ्यांवर मी आता काही बोलत नाही.

तिनं माझ्याकडं पेन मागितलं. दिलं नाही. सितारानं पण दिलं नाही. तिनं पिशवीतून स्वतःचं काढलं. डाव्या हातात धरलंय.

ताई, थांब. गेटात कुणीतरी आलंय. शिपाई अडवतोय, काठी बाहेर ठेवा म्हणतोय. लाल पागोटं. पायांना लेंड्या चिकटल्यात, घोंगडी घामानं ओली, पीरमाळहून चालत आला की काय. बहिरूबाबा. शिपायाला एवढ्या मोठ्यानं सांगतोय, की आतले सगळे मान वळवून बघतायत :

"अवं सायेब, काठी घ्या, घोंगडी घ्या, काय पायजे ते घ्या. पर आमची लेक कुठं बसलीया, तेवढं सांगा."

आशाताई उभी राहिली.